शून्य वर्षाचं बाळ

गेल्या आठवड्यात भाचीचा पुण्याहून फोन आला होता. तिच्या नातवाला सहा महिने पूर्ण झाले आणि तो अजून टेकूशिवाय बसत नाही, म्हणून घरात सगळे काळजीत. सुनेच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आहे. त्यात बाळाची जन्मतारीख भरून ठेवली की दर आठवड्याला ते सांगतं, आता बाळाने मान धरायला हवी, आता कूस बदलायला हवी, आता बसायला हवं. "मामा, तुम्ही उभं आयुष्य मुलांत काढलंत, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, अगं, मी शिकवलं ती सहा वर्षांपुढची. सहा महिन्यांची मुलं आमच्या वर्गात यायची ती बहिणीच्या कडेवर बसून, तेवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

तरी तिला धीर येईल असं एक सांगता आलं. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या आठशेच्या वर निरोगी बाळांच्या नोंदी ठेवून २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. त्यात टेकूशिवाय बसण्याचा काळ ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. एकट्याने चालण्याचा तर ८.२ ते १७.६ महिने! आणि शंभरातली चारेक मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. भाचीचा जीव भांड्यात पडला. (तरी डॉक्टरांना दाखवून घ्या, हे सांगितलंच.)

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. 'सहा महिने पूर्ण' हे शब्द. ते म्हणता येण्यासाठी कुणीतरी, कुठेतरी तारीख लिहून ठेवलेली असावी लागते. ज्या भागात मी नोकरीची पहिली बरीच वर्षं काढली, तिथे ती लिहिलेली नसायची. त्याबद्दल थोडं लिहावं म्हणतो.

तो भाग म्हणजे सातपुड्यातलं काठी आणि आसपासचे पाडे. तालुका अक्कलकुवा. तेव्हा जिल्हा धुळे होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात सहा छोटी मेवासी संस्थानं होती, चिखली, सिंगपूर, नाला, नवलपूर, गव्हाळी आणि काठी. आज वाचकांना काठी माहीत असते ती राजवाडी होळीमुळे. इ.स. १२४६ पासून ती पेटते असं तिथले लोक सांगतात. जंगलातून उंचच उंच बांबू आणायचा, रात्रभर ढोल आणि नाच, कमरेला भोपळे-घुंगरं आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नवसकरी, आणि पहाटे होळी पेटायची. टीव्हीवर दोन मिनिटं दाखवतात ते तुम्ही पाहिलं असेल. पण होळीचा आणखी एक उपयोग टीव्हीवर दिसत नाही. ती तिथली वर्ष मोजायची खूण होती.

मला हे कळलं जनगणनेत. १९८१ सालच्या फेब्रुवारीत ९ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत आम्ही शिक्षक मंडळी कागदांचे गठ्ठे घेऊन पाड्यापाड्यांवर फिरलो. वयाचा रकाना आला की पेन थांबायचं. म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की तो हसून माझ्याकडेच बोट करायचा, तुम्हीच लिहा गुरुजी! मोठ्या माणसांचं वय अंदाजाने काढायची युक्ती आम्हाला सांगितलेली होती. अमुक दुष्काळात तुम्ही केवढे होतात, तमुक पूर आला तेव्हा लग्न झालं होतं का, वगैरे. खरी गंमत तान्ह्या बाळांची. जनगणनेत वय पूर्ण वर्षांत लिहितात. म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळापुढे लिहायचं ० . काल जन्मलेलं बाळही शून्य आणि उद्या वर्षाचं होणारं, उभं राहून भिंत धरून चालणारं बाळही शून्य.

विचार करा, माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त काय शिकतो ते या शून्यात. नजर स्थिर होते, आईला पाहून हसू येतं (त्याआधीचं झोपेतलं हसू म्हणजे सटवाई हसवते, असं आमची आई म्हणायची), मान ठरते, मूठ उघडते, पालथं पडता येतं, बसता येतं, रांगता येतं. आणि रकान्यात शून्य.

मी मात्र सवयीने विचारायचो, किती महिन्यांचं? बायका तारीख सांगत नसत, महिनाही नाही. त्या सांगत, बसतं. किंवा, आता पालथं पडतं. एकीने तर बाळाला जमिनीवर सोडूनच दाखवलं, ते दोन हात रांगत माझ्या गठ्ठ्यापर्यंत आलं, तेच उत्तर. त्यांच्या दृष्टीने ते पुरेसं होतं आणि खरं सांगायचं तर बरोबरही होतं. बाळ काय करतं हेच त्याचं वय. मी मनात त्यावरून हिशोब करायचो, बसतं म्हणजे सातेक महिन्यांचं असेल. आता यातला पेच पाहा. बसण्यावरून महिने ठरवायचे, आणि मग त्या महिन्यांवरून, बसायला उशीर झाला का, हे ठरवायचं! विहिरीत घागर सोडून तिच्याच दोराने विहिरीची खोली सांगावी आणि दोर किती लांब ते विहिरीला विचारावं, तसं.

आपल्या पांढरपेशा घरांत असं कधी झालं नाही, कारण आपल्याकडे पंचांग होतं. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर काढायचं आणि सहाव्यात अन्न चाखवायचं असं सांगितलंय. आजचे डॉक्टरही वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावरच सांगतात. पण पाचवी, बारसं, उष्टावण हे सगळं करायचं तर जन्माचा दिवस नक्की हवा, आणि पत्रिका मांडायची तर घटका-पळंसुद्धा. म्हणजे ज्या घरात लिहिणारा माणूस होता, त्या घरातल्या बाळाला महिने होते. माझ्या स्वतःच्या जन्माची वेळ वडिलांनी चोपडीत टिपून ठेवली होती. आमच्या शहाद्याकडच्या घरापासून काठी काही फार लांब नाही, पण तिथल्या माझ्याच वयाच्या माणसाला आपण कोणत्या साली जन्मलो हेही ठाऊक नव्हतं. त्याचा वार मात्र पुष्कळदा ठाऊक असे, कारण वार नावातच असायचा. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. माझ्या एका वर्गाच्या हजेरीपटावर तीन बुध्या होते. बुधवारी जन्मले हे नक्की, पण कोणत्या सालच्या कोणत्या बुधवारी, कोण जाणे.

शास्त्रज्ञांनी बाळाकडे वही घेऊन पाहायला सुरुवात केली तीही अशाच एका लिहित्या घरात. उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन याचा पहिला मुलगा २७ डिसेंबर १८३९ ला जन्मला आणि बापाने पहिल्या दिवसांपासून टिपणं केली. कधी शिंकला, कधी हसला, कधी रागावला. सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, त्याने ती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात गेसेल यांनी शेकडो मुलांची निरीक्षणं करून महिन्यांचे तक्ते बांधले. आपल्याकडे हे काम झालं बडोद्याला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळं कोणत्या महिन्यात काय करतात याची मापं बसवली. १ ते ३० महिन्यांपर्यंतची, हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी. त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी त्या मापांवरून निवडक १७ बाबींचा सुटसुटीत तक्ता केला. बडोदा म्हणजे नर्मदेच्या पलीकडे, काठीच्या डोंगरावरून वायव्येला. नदी ओलांडली की बाळाची पावलं महिन्यांत मोजणारी माणसं होती, आणि अलीकडे महिनेच नव्हते. फाटकबाईंच्या कामाबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही, हे मला खटकतं.

असो. होळीवर येतो.

होळीवरून मोजायला काय हरकत, असं कुणी म्हणेल. वर्षं मोजायला हरकत नाही. महिने मोजायला मात्र आहे, कारण होळी सरकते. २०२३ ची होळी ६ मार्चला होती, २०२४ ची २४ मार्चला. मध्ये ३८४ दिवस गेले, कारण अधिक श्रावण आला. पुढची, २०२५ ची, १३ मार्चला म्हणजे ३५४ दिवसांत. मोठ्या माणसाला महिनाभराने काय फरक पडतो? बाळाला पडतो. चौथ्या महिन्यातलं बाळ आणि पाचव्यातलं बाळ ही जवळजवळ दोन वेगळी माणसं असतात.

शिवाय होळीला बाळं डोंगरात नव्यानेच येत. तिकडे पाऊस संपून ज्वारी-भगर निघाली की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, सुरत-बारडोलीकडे. होळी आली की मुकादमाची कितीही उचल अंगावर असो, माणूस काठीकडे परततोच. फडावर, खोपटात जन्मलेली मुलं त्या वेळी आईच्या पाठीला बांधून पहिल्यांदा गावात येत. जन्म झाला एका राज्यात, गाव दुसऱ्या राज्यात, आणि नोंद कुठेच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. एकवीस दिवसांत कळवायचं. कळवणार कोण आणि कुठल्या गावाला?

यामुळे काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, मग अंगणवाड्या पसरत डोंगरातही आल्या. अंगणवाडीत बाळाचं वजन करून तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब खाली आडवं वय आणि बाजूला उभं वजन, अशा दोन मापांच्या भेटीवर पडतं. समजा एक मुलगा ६ किलोचा आहे. आजच्या तक्त्याप्रमाणे तो चार महिन्यांचा असेल तर ठीक आहे, मर्यादा ५.६ किलोची आहे. तोच सहा महिन्यांचा असेल तर मर्यादा ६.४, म्हणजे तो कमी वजनाचा. मूल तेच, काटा तोच. दोन महिन्यांच्या अंदाजावर ते आजारी यादीत जाणार की निरोगी यादीत, हे ठरायचं. 'तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके' हे शब्द आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेत. त्या श्रेण्या वयाप्रमाणे वजनावरच ठरायच्या. अंदाज दोन महिने खाली धरला की कागदावर कुपोषण आपोआप कमी!

म्हणून मला दंडाच्या पट्टीचा शोध फार मोठा वाटतो. बगदादचे डॉक्टर शाकिर आणि इंग्लंडचे डॉक्टर मोर्ली यांनी १९७० च्या दशकात ती प्रचारात आणली. वाया गेलेल्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापायची, तिच्यावर लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचा आणि बाळाच्या दंडाभोवती गुंडाळायची. एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर फारसा वाढत नाही, त्यामुळे वय विचारायची गरजच उरत नाही. आता सहा महिन्यांपुढच्या मुलांना ती लावतात, ११.५ सेंटिमीटरच्या आत आलं की तीव्र कुपोषण. बरं, सहा महिने झालेत हे कसं ओळखायचं? त्यावरही तोड आहे. वय ठाऊक नसेल तर लांबी ६५ सेंटिमीटर भरली की सहा महिने झाले असं धरतात. म्हणजे शेवटी पाड्यावरच्या बाईचाच न्याय, बाळाकडे बघा, कागदाकडे नको.

पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ या पट्टीतही येत नव्हतं. आता जे सांगतो ते त्याच्याबद्दल आहे.

१९८१ नंतरची एक-दोन वर्षं असतील. तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. आई शेतावर, मग बाळ शाळेत. आम्ही कुणी हरकत घेत नसू, हरकत घेतली तर मुलगीच येणार नाही. बाळ शांत असायचं. जरा जास्तच शांत. मान एका बाजूला कलायची, ती मुलगी लिहिता लिहिता डाव्या हाताने सावरायची. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, लसी टोचायला नर्सबाई आल्या. त्यांनी विचारलं, किती महिन्यांचं? मुलगी म्हणाली, मोहाची फुलं वेचत होतो तेव्हा झाला. म्हणजे एप्रिल, सहा महिने. संध्याकाळी आई आली, तिचं म्हणणं पेरणी झाल्यावर झाला. म्हणजे जूनचा शेवट, चार महिने. मायलेकींचा वाद सुरू झाला. चार महिन्यांचं बाळ असेल तर मान थोडी डुलते, वाट पाहू. सहा महिन्यांच्या बाळाची मान अशी असेल तर धुळ्याला न्यायला हवं.

नर्सबाईंनी तो वाद सोडून दिला. बाळाला मांडीवर उताणं घेतलं, दोन्ही हात धरून हळूच उचलून पाहिलं, मान मागेच राहिली. डोळ्यांपुढून कुंकवाची डबी फिरवली, नजर तिच्यामागे गेली. त्या हसल्या तर तेही हसलं. मग मला म्हणाल्या, गुरुजी, वय जाऊ द्या. आजची तारीख लिहून ठेवा आणि आज काय येत नाही ते लिहा. महिन्याने मी पुन्हा बघेन. पुढे सरकलं असेल तर ठीक, नसेल तर न्यायचंच.

मला ते ऐकून एकदम उजेड पडल्यासारखं झालं. बाळाचं अंग वरून खाली ताब्यात येतं. आधी मान, मग पाठ-कंबर, मग पाय. हा क्रम काठीलाही तोच आणि नॉर्वेतही तोच. जन्मतारीख हरवली असली तरी क्रम हरवत नाही. एका महिन्याच्या अंतराने दोनदा नीट पाहिलं, तर बाळ चालतंय की अडलंय हे कळतं. बाईंचं शिक्षण बेताचं होतं, पण डार्विनने जे वहीत केलं तेच त्यांनी कुंकवाच्या डबीने केलं. मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर तारीख लिहिली, खाली लिहिलं, 'मान धरत नाही. हसतो.'

महिन्याने नर्सबाई आल्या तेव्हा ते कुटुंब ऊसतोडीला गेलेलं होतं. मुलगीही.

होळीला ते परतले. होळीनंतर चार दिवसांनी मुलगी शाळेत आली. कडेवर कुणी नव्हतं. मी विचारलं, तिने मान हलवली, जागेवर जाऊन बसली आणि पाटी काढली.

तो मुलगा १९८१ च्या जनगणनेनंतर जन्मला आणि १९९१ च्या कितीतरी आधी गेला. शून्याच्या रकान्यातसुद्धा त्याला जागा मिळाली नाही. जन्माची नोंद नाही, मग मृत्यूची कशी असणार? २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रातले किती बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे त्यात मांडलेलं आहे. तो मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हजेरीपटाचं ते मागचं पान होतं. बंगांच्या गडचिरोलीतल्या ३९ गावांतल्या कामाचा लेख १९९९ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, त्यात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं होतं. लोक त्यात इंजेक्शनं आणि औषधं पाहतात. मला त्यातली गावातलीच शिकवलेली बाई दिसते. जन्म झाला की ती त्या घरात असायची. तारीख लिहायची, वजन करायची आणि पुन्हा पुन्हा जायची.

शाळेत आम्ही तारखा द्यायचो तो प्रकार वेगळा. पहिलीत दाखल करताना जन्मतारीख हवीच, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून १ जून. आमच्याच शाळेत नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात. तुमच्या ओळखीत साठीपुढची दहा माणसं घ्या, एखाद्याचा तरी वाढदिवस १ जूनला निघेल. ती तारीख नोकरीला, पेन्शनला, सगळ्याला चालली. तिच्यावरून कुणाच्या बाळपणाचा पत्ता मात्र लागत नाही.

आता चित्र पुष्कळ बदललंय. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०११ पासून आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. हे दिवस मोजायचे तर पहिला दिवस लिहावाच लागतो. वाढीतला उशीर शोधणारी बालस्वास्थ्य तपासणी ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरहून देशभर सुरू झाली. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा. म्हणजे १ जूनचा जमाना कायद्यानेच संपला. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, झोळी करून बाईला न्यावं लागलं, या बातम्या मात्र अजून येतात, आणि ऊसतोडही संपलेली नाही.

२०२५ च्या होळीला मुलाने हट्टाने गाडीत घालून मला काठीला नेलं. गर्दीत एक बाई पाया पडली. पन्नाशीची असेल, केस पांढरे झालेले. ओळख सांगितली तेव्हा कळलं, तीच ती तिसरीतली मुलगी. भावाचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तिच्या पाठीला फडक्यात नात होती. किती महिन्यांची, मी सवयीने विचारलंच. "बसते आता, गुरुजी," ती म्हणाली. मग सुनेने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून माझ्या हातात दिलं. चष्मा लावून वाचलं. जन्मतारीख, वेळ, वजन २ किलो ६०० ग्रॅम. पुढच्या पानावर बाळांची चित्रं, मान धरणारं, पालथं पडणारं, बसणारं. बसणाऱ्या बाळाच्या चित्रापुढे आशाताईंनी निळ्या पेनने बरोबरची खूण केली होती, आणि खाली तारीख घातली होती, होळीच्या आदल्या दिवशीची.